समुपदेशनाला निसर्गाची जोड: किल्ला, कुंडी की कास?

नैराश्याच्या किंवा चिंतेच्या पेशंटला उपचारांबरोबर निसर्गाची जोड द्यायची म्हटलं, की साताऱ्यात पहिलं नाव कासच्या फुलांच्या पठाराचं निघतं. आमचा क्रम उलटा आहे. आधी कुंडी, मग अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याची वाट, कास सगळ्यात शेवटी.

२०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. ही पाहणी आहे, उपचाराची चाचणी नव्हे. पण रोजची २० मिनिटं जमत असतील तर लांबच्या सहलीची घाई कशाला?

कुंडी

चार इंच खोल ट्रे, तळाला भोकं, दोन भाग माती, एक भाग गांडूळखत. पेरायची मेथी, गुलाब नको. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि चारेक आठवड्यांत भाजीला होते. ‘काहीच बदलत नाही’ म्हणणाऱ्याला दर भेटीत बदललेलं काहीतरी दाखवता येतं. कोथिंबीर आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाही, तोवर धीर सुटतो.

रोपं जातात ती बहुधा पाण्याच्या अतिरेकानं. माती ओली असताना पुन्हा पाणी घातलं, की बुंधा कुजतो आणि रोप आडवं होतं. मग पेशंट म्हणतो, ‘माझ्या हाताला यशच नाही.’ म्हणून बोट पेरभर मातीत घालून ओल बघायला शिकवा. एकाच दिवशी दोन ट्रे पेरा आणि एक क्लिनिकवर ठेवा, म्हणजे घरचा गेला तरी एक उरतो.

कीड पडली तर निंबोळी अर्क. आत्महत्येचा धोका लक्षात घेता कीटकनाशकाची बाटली घरात यायला आपण निमित्त होऊ नये. शेतकऱ्याच्या घरी ती आधीच असते. ती कुठे आहे, कुलपात आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

चालता सेशन: अजिंक्यताऱ्याचा पायथा

शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. खुर्चीत गप्प बसणारी तरुण मुलं इथे मोकळी होतात. अडचण आहे ती गोपनीयतेची. सकाळी किल्ल्याच्या रस्त्यावर निम्मं सातारा भेटतं. ‘काय, आज इकडं कुठं?’ याला उत्तर काय द्यायचं, तुमची ओळख काय म्हणून सांगायची, हे आधी पेशंटशी बोलून ठरवा आणि संमती लेखी घ्या.

थंडीत दहाची वेळ बरी, गर्दी ओसरलेली असते. मार्च ते मे त्या वेळेला जाऊ नका, विशेषतः पेशंट लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) असेल तर. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

पॅनिकच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या पेशंटला सुरुवातीला सपाट रस्ता. चढावर वाढलेली धडधड त्याला झटक्यासारखीच वाटते. २० मिनिटं जाऊन वळा. अवघड विषय जाताना काढा, परतीची वाट मन निवण्यासाठी ठेवा.

कास

२०१२ पासून जागतिक वारसा, शहरापासून साधारण २५ किलोमीटर. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, नेमका गर्दीचा, धुक्याचा आणि आधी बुकिंग करायचा. गोंगाटाने घाबरणाऱ्या माणसासाठी हे वाईट मिश्रण आहे. उपचारात बऱ्यापैकी स्थिरावलेल्या सात-आठ जणांचा गट, दोन समुपदेशक, आठवड्याच्या मधला दिवस, एवढं जुळलं तरच जावं. आत्महत्येचे विचार असलेल्या पेशंटला कास काय, सज्जनगड काय, ठोसेघर काय, कड्यांच्या जागी नेऊच नका. आधी मनोविकारतज्ज्ञ, रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

जून ते सप्टेंबर चालतं सेशनही थांबवा. वाटा शेवाळतात, वाढलेल्या गवतात घोणस दिसत नाही. ते चार महिने ट्रे आणि खिडकीपाशी बसून पाऊस ऐकणं, यावर भागतं. फक्त ट्रे पागोळ्यांखालून हलवा, नाहीतर मेथीचं बी उघडं पडतं.