हाफ गुडघा बदलला त्याचा रिव्ह्यू (आईचा, जळगावला केलं)

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार ऑपरेशनचा नाही, बिलिंग काउंटर आणि फिजिओचा आहे, ते खाली येईलच. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये कारण मला ऑपरेशनबद्दल लिहायचंय, आपल्याकडे बऱ्याच लोकांना असा काही प्रकार असतो हेच माहीत नसतं, गुडघा दुखला की "वाट्या बदला" एवढंच कानावर येतं.

आई चौसष्टची, अमळनेरला असते. उजवा गुडघा कित्येक वर्षं दुखतोय, तेल झालं, लेप झाला, कोणीतरी सांगितलेली गुडघ्याची पट्टी झाली, इंजेक्शनं पण झाली. उन्हाळ्यात बिबड्या-कुरडया घालायला गच्चीवर जायचं तर जिना बसत बसत चढायची पण जायचीच, ऐकणार कोण. मग एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी झोपवून एक्स-रे काढला, दोन मिनिटं बघितला आणि दोन्ही गुडघे एकदम पूर्ण बदला म्हणाले, जोडीने केले तर पॅकेजमध्ये सूट. साड्यांच्या सेलमध्ये आल्यासारखं वाटलं मला. घरी येऊन भाच्याला फोन लावला, तो फिजिओथेरपी शिकतोय, तो म्हणाला मावशी, आधी आजीचा गुडघा पार्शलला, म्हणजे अर्धाच बदलायला, बसतो का ते तरी विचार.

जळगावच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "काकू, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा." आईने गुडघ्याच्या आतल्या अंगाला बोट टेकवलं, "आठेच दुखस." डॉक्टर म्हणाले हे बोट माझ्या कामाचं आहे, काही पेशंट सगळा तळहात गुडघ्यावर फिरवतात, त्यांचं गणित बऱ्याचदा वेगळं असतं. मग उभं करून एक्स-रे, कारण अंगाचा भार पडला की गादी किती झिजली ते खरं दिसतं, झोपवून काढलेल्यात गॅप उगाच चांगला दिसतो. आणि अजून एक एक्स-रे पाय बाजूला दाबून, वाकलेला पाय सरळ होतो का आणि बाहेरच्या बाजूची गादी शाबूत आहे का ते बघायला.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. गुडघ्यात तीन कप्पे असतात, आतला, बाहेरचा आणि वाटीच्या मागचा. आईचा फक्त आतला कप्पा पार घासला होता, हाडावर हाड. मग चांगले दोन कप्पे कापून टाकायचे कशाला? फक्त त्या एका बाजूला वरती धातूचं कव्हर, खाली धातूची प्लेट, मध्ये प्लास्टिकची गादी, बाकी सगळं तुमचं स्वतःचं राहतं, आतले लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे पण. टोटलमध्ये, म्हणजे पूर्ण गुडघा बदलतात त्यात, पुढचं लिगामेंट, एसीएल, सहसा काढावं लागतं. म्हणून पार्शलवाल्यांना गुडघा जास्त आपला वाटतो म्हणतात.

पण हे सगळ्यांना चालत नाही. एसीएल तुटलेलं असेल, दोन-तीन कप्पे गेलेले असतील, पाय फारच वाकडा झाला असेल तर नाही. आणि आमवात म्हणजे रुमेटॉइडवाल्यांना नाही, कारण तो आजार एक कोपरा धरून बसत नाही, सगळा सांधा खातो. आमच्या शेजारच्या काकूंना ह्याच कारणासाठी नाही सांगितलं. आणि हो, सही करताना दोन्हीची घेतली, पार्शलची पण आणि गरज पडली तर टोटलची पण, गुडघा उघडल्यावर आत वेगळं निघालं तर तिथेच टोटल करतात. मला हे आधीच स्पष्ट सांगितलं ते आवडलं, नाहीतर बाहेर बसलेल्या माणसाचा जीव जातो.

दुसरी बाजू पण लिहिते. पार्शल पुन्हा काढून टोटल करावं लागण्याचं प्रमाण टोटलपेक्षा जास्त असतं, इंग्लंडच्या रजिस्ट्रीत (बदललेल्या सांध्यांची नोंद ठेवतात ती) सुद्धा तसंच दिसतं, आणि जो सर्जन वर्षाला दोन-चारच करतो त्याच्याकडे ते अजून वाढतं. उलट भाच्याने दाखवलेला २०१९ चा लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास आहे, ५२८ पेशंट, पाच वर्षं बघितले, त्यात दोन्ही ऑपरेशनवाले जवळपास सारखेच बरे होते आणि पार्शल स्वस्त पडलं. म्हणून मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, तुम्ही पार्शल किती करता? चिडले नाहीत, नीट सांगितलं. चिडणारा डॉक्टर असेल तर मी तरी उठून आले असते.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, टाके टोटलवाल्यांपेक्षा बरेच कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर देऊन उभं केलं, आई शिव्या देत चालली पण चालली. दुखत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पहिल्या काही रात्री वाईट गेल्या, बर्फ आणि गोळ्यांवर काढल्या. शुगर आधी कंट्रोलला आणायला लावली होती, त्यात तारीख पुढे गेली, पण जखम कोरडी राहिली. आम्ही थंडीत केलं ते एक बरं झालं, जळगावच्या मे महिन्यात ती पट्टी पायावर घेऊन बसायचा विचार पण नको.

आता स्टार का कापला. डिस्चार्ज सकाळी लिहिला आणि मेडिक्लेमच्या मंजुरीत दिवस मावळला, काउंटरवरचा मुलगा प्रत्येक वेळी "मेल केलाय मॅडम" एवढंच. पॉलिसी नवीन असेल तर सांधा बदलायला वेटिंग पिरियड असतो, तो आधीच वाचून ठेवा. गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिली आहे पण बंधन इम्प्लांटवर आहे, ऑपरेशन थिएटर, रूम, वापरायचं सामान ह्यावर नाही, बिल फुगतं ते तिथे. बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा. आमच्या फाईलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवून दिलेत, कंपनी, साईज, लॉट नंबर सगळं, ते सांभाळून ठेवा, पुढे कधी काही लागलं तर तेच विचारतात. रोबोटच्या मदतीने ऑपरेशन करायचे वेगळे पैसे सांगितले होते, आम्ही घेतलं नाही.

फिजिओ म्हणजे हॉस्पिटलमध्ये छान आणि घरी आलो की एक झेरॉक्स कागद. अमळनेरला घरी येणारा मिळेना, शेवटी भाच्याने व्हिडिओ कॉलवर टाच सरकवणं, मांडी ताठ करणं सगळं करून घेतलं. गुडघा लवकर वाकायला लागला, जिना आता उभ्याने चढते. खाली पाटावर बसायला मनाई आहे तर आई टेबलावर पोळपाट घेऊन कुरकुर करते, "माले आठे जमत नही" चालूच.

डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो पण डॉक्टर म्हणाले एक्स-रेत अजून गादी आहे, घाई नको. त्याचा एक्स-रे पुढच्या फॉलोअपला आईला उभं करून काढणार आहेत, काही निघालं तर इथेच अपडेट टाकते.