इकॉलॉजीत पीएचडी: इथेच करायची की बाहेर जायचं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली एमएस्सी झालेली मुलं हल्ली हे सारखं विचारतात आणि गाडी पहिली पैशावर येते, तर ते आधी उरकून टाकू. इथे नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप, जेआरएफ, असेल तर महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं, पण पैसे हातात पडायला कधीकधी महिने जातात, तेवढी तजवीज ठेवाच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फी माफ आणि स्टायपेंड, बदल्यात शिकवावं लागतं, पाच-सहा वर्षं धरून चाला. जर्मनीत जागा नोकरीसारखी जाहिरातीतून भरतात, पगार मिळतो.

पण खरं बघायचं ते हे की तुमचं फील्ड कुठलं आणि कुठल्या महिन्यातलं. समजा कातळसड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, काम करायचंय. पाऊस लागला की जांभ्यातल्या उथळ खळग्यांत पाणी साठतं, ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही रानफुलं सगळी एकदम फुलतात, बघत राहावं असं, आणि दिवाळीपर्यंत सडा वाळून पिवळा. अमेरिकेतलं सेमिस्टर नेमकं ऑगस्टमध्ये सुरू, म्हणजे कोर्सवर्क संपेपर्यंत ऐन हंगामात तुम्ही वर्गात बसलेले. कासवांचंही तेच, वेळास-आंजर्ल्याला विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ब्रिटन-जर्मनीत कोर्सवर्क फारसं नसतं, तिथून येऊन-जाऊन जमू शकतं.

परवानग्यांचं पण बघा. इथे येणारं ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधलं, वनखात्याचा कागद कुठूनही आलात तरी लागणारच, पण डीएनएचे नमुने बाहेरच्या लॅबला न्यायचे म्हटलं की २००२ चा जैवविविधता कायदा पण येतो, त्यात एखादा हंगाम सहज हातचा जातो.

म्हणून प्रश्न कोकणातलाच असेल तर मी सरळ इथेच म्हणेन. बंगळुरूला आयआयएससीचं इकॉलॉजीचं सेंटर आहे (माधव गाडगीळांनी १९८३ ला उभं केलेलं), एनसीबीएस, एट्री या संशोधन संस्था आहेत, डेहराडूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, २०२२ ला वेळासच्या ‘प्रथमा’ या कासविणीला सॅटेलाइट टॅग लावला तो त्यांनी आणि मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननेच. आणि रापण ओढणाऱ्या मच्छीमारांशी मालवणीत बोलता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ती तिकडे बसून वाया घालवू नका. मॉडेलिंग किंवा जीनोमिक्समध्ये जीव रमतो आणि जागा कुठलीही चालते, त्यांनी मात्र बिनधास्त बाहेर अर्ज करावा.

कुठेही जा, गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांना आधी फोन करा: किती वर्षं लागली, फील्डचा खर्च कोणी केला, आणि मधेच सोडून किती जण गेले.