एक युरोचं घर, सात लाखांचा खड्डा

रु. ७,१०,५००. इटलीतल्या घरासाठी एका भामट्याच्या हवाली केलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भावकीत तो एव्हाना पंधरा लाखांवर गेलाय आणि ‘राहती खोली गहाण टाकली’ अशी पुरवणीही त्याला जोडली गेलीय. खोली गहाण टाकलेली नाही. हिच्या बांगड्यांवर २,४०,००० चं सोनेतारण कर्ज काढलं, बाकीच्यासाठी मुदत ठेव मोडली. त्यातले २०,००० परत मिळाले. बुडाले ६,९०,५००.

इटलीतली एक युरोची घरं मोबाईलवर सगळ्यांनीच पाहिली असतील. त्यात खोटं काही नाही, आणि तिथेच सगळी गोम आहे. सिसिलीतल्या सांबुका गावानं २०१९ मध्ये अशी घरं विकायला काढली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. मुसोमेली, गांजी इथेही विकली गेली. तरुण मंडळी शहरांत गेली, गावं ओस पडली, छपरं कोसळायला लागली, म्हणून तिथल्या नगरपालिका नाममात्र किमतीत घरं देतात. साधारण तीन वर्षांत दुरुस्ती करायची आणि हमी म्हणून अनामत ठेवायची, बहुतेक ठिकाणी ५,००० युरो. हे सगळं खरं असल्यामुळे आम्ही जेवढी खात्री करत गेलो तेवढा तो माणूस खरा ठरत गेला. सगळंच खोटं असतं तर पहिल्याच दिवशी हाकलला असता.

‘गावात घर असताना परदेशातलं खेडं कशाला हवं होतं?’ असं विचारणाऱ्यांनी कृपया आमचा सातबारा वाचावा. आजोबा जाऊन काळ लोटला तरी नाव त्यांचंच, खाली चुलते, आत्या, त्यांची मुलं, आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी तोंड नाही. घर गणपतीला आणि शिमग्याला उघडतं, एरवी कुलूप. कौलं शाकारायची म्हटली तरी कोणीतरी रुसतं. आंबे माकडं खातात, भांडणं आम्ही करतो. उभा जन्म लोकलच्या दारात लटकून काढल्यावर मोकळी हवा भावकीला न विचारता मिळणार असेल, तर कोणाला नको आहे?

तो आला २०२४ च्या गणपतीत. आमच्याच वाडीचा जावई. नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. आरतीला झांज वाजवली, वहिनींच्या हातचे मोदक खाल्ले आणि पडवीत बसून लॅपटॉप उघडला. “दादा, तुमच्यासारखी माणसं तिथे हवीच आहेत त्यांना.” वेळ बघा कशी साधली. चाकरमानी रजेवर असतो, हातात पैसा असतो, मन हळवं असतं आणि वाडीत रेंज नसते. काही शोधायचं तर विहिरीपलीकडच्या फणसाखाली जाऊन उभं राहायचं, तेही पावसात.

नोंदणी ११,००० रोख. घराचं आरक्षण आणि नोटरी १,८५,०००. नगरपालिकेची अनामत ४,५०,०००. भाषांतर, अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून लागणारा सरकारी शिक्का), व्हिसाची फाईल मिळून ६४,५००. अनामतीला त्यानं युरोचा दर ९० लावला. बँकेत त्या आठवड्यात नव्वदच्या वर चालला होता, म्हणून विचारलं. “घरच्या माणसांकडून काय कमवायचं, दादा!” युरो बाजारभावापेक्षा स्वस्तात देणारा कोणी भेटला तर आधी त्याचे पाय बघा, उलटे असतील.

आता ती पावती. तिच्यापाशी अजून झोप उडते. वर इटालियन मजकूर, गोल शिक्का, निळ्या शाईची सही, आणि रकमेच्या जागी: ‘४,५०,०००/-’. सिसिलीतल्या डोंगरावरची नगरपालिका पैसे रुपयांत घेते, लाखाच्या जागी स्वल्पविराम देते आणि पुढे आपल्या किराणावाल्यासारखी तिरकी रेघ न् आडवी रेघ मारते! ती पावती हिनं पाहिली, मी पाहिली, एका खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या मेहुण्यांनी चष्मा लावून पाहिली आणि “शिक्का ओरिजिनल आहे” असा निर्वाळा दिला. आता सगळे शहाणे मलाच विचारतात. त्या तिरक्या रेघेची आपल्या डोळ्यांना इतकी सवय आहे की ती खटकत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. तो ती टाकायला विसरला असता तर कदाचित जास्त खटकलं असतं.

आधी दाखवलेलं ‘मंजुरीपत्र’ १५ ऑगस्टचं होतं. आपल्याकडे सुट्टी म्हणून तिकडेही असेल असं कोणाच्या मनात येणार? पण असते. फेरागोस्तो म्हणतात, सगळं इटली बंद असतं. आणि पत्र मुसोमेलीच्या नावाचं, फोटोत मात्र खिडकीतून समुद्र. मुसोमेली आतल्या डोंगरात आहे. समुद्रकाठी जन्मलेल्या माणसांना समुद्र दाखवूनच फसवलं, हे मात्र जिव्हारी लागलं.

पैसे गेले त्याच्या बायकोच्या बचत खात्यात. “थेट परदेशी पाठवले तर टीसीएस कापतात, दादा.” टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर, आणि तेव्हा वर्षाला सात लाखांपर्यंत तो लागतच नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार माणूस वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत आपल्या बँकेतून रीतसर पाठवू शकतो. परदेशातल्या कार्यालयाची अनामत जर कोणी गावातल्या खात्यावर मागत असेल तर पुढचं ऐकूच नका.

घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो, ही मुळातली थाप. मिळत नाही. काम न करता तिथे राहण्याचा व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला एका माणसाचं ३१,००० युरोच्या आसपास उत्पन्न दाखवावं लागतं, तेही पेन्शन, भाडं, गुंतवणूक अशा मार्गाचं. नोकरीचा पगार चालत नाही. हे आम्हाला अनामत भरल्यावर कळलं आणि त्याच आठवड्यात त्याचा फोन बंद झाला. २०,००० त्याच्या सासऱ्यांनी आणून दिले, मान खाली घालून. त्यांच्याबद्दल राग नाही.

राग आहे तो खुर्चीतल्या माणसांचा. गावाकडच्या ठाण्यात म्हणाले, “तुम्ही राहता तिकडे तक्रार द्या.” राहतो तिकडे म्हणाले, “व्यवहार गावी झाला ना?” गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायचा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. मी छापील कागद पुढे केला तर साहेब हसले. “कायदा आम्हाला शिकवता? मग पैसे देताना कुठे होता कायदा?” नंतर हा ‘दिवाणी मामला’ झाला. खोटा शिक्का मारून पैसे उकळणं दिवाणी कधीपासून झालं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशाला आहे? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी नोंद घेतली, पण खातं तोवर रिकामं. तिथे फोन तासाभरात करायचा असतो, आमच्यासारखा महिन्यांनी नव्हे. बँकेतला साहेब म्हणे, खातेदाराची माहिती गोपनीय. माझे पैसे जाताना कोणाला गोपनीयता आठवली नाही! तंटामुक्तीच्या अध्यक्षांकडे गेलो, तर ते निघाले त्याच्या बायकोचे चुलते. चहा दिला आणि म्हणाले, “गावची अब्रू आहे, मिटवून घ्या.” सिसिलीतल्या त्या नगरपालिकेला पुतण्यानं ईमेल केला होता. पत्र आमचं नाही, एवढी एक ओळ तरी आली. आमच्या तालुक्यातून अजून पोचसुद्धा नाही.

तेव्हा तक्रार लेखीच द्या, पोच हातात घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, १७३ (४) मध्ये ती सोय आहे. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. आमचं आता तिथेच चाललंय. व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी संदेश मी पुसले नव्हते, वकिलांना सगळ्यात उपयोगी तेच पडलेत. रोख दिलेल्या ११,००० चा मात्र कुठेच पुरावा नाही.

परवा गावाहून फोन आला. तो शिमग्याला शेजारच्या गावात दिसला म्हणे, आता जपानमधली रिकामी घरं दाखवतोय. जपानमध्येही ती घरं आहेत, लाखोंनी आहेत, परदेशी माणूस विकतही घेऊ शकतो. पण व्हिसा तिथेही घराबरोबर मिळत नाही, आणि पावती येनमध्ये असते.