जुन्या कॉन्टेसाचा एसी: कुर्ल्याचा जुना कॉम्प्रेसर की नवा?

ठाण्यातून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन-चार खेपा मारल्या तर मूळ जातीचा कॉम्प्रेसर भंगारात सापडतो. ब्रॅकेट, पुली, पट्टा सगळं जागच्या जागी बसतं, बॉनेट उघडलं की गाडी जुनीच दिसते. पण शाफ्टचं सील बहुधा सुकलेलं असतं. घेण्याआधी कॉम्प्रेसरच्या क्लचची पुढची तबकडी हाताने फिरवून बघा. अडकली तर तिथेच नमस्कार.

नवा कॉम्प्रेसर सहज मिळतो, मात्र ब्रॅकेट वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडून बनवावं लागतं. पट्टा सूतभर तिरका राहिला तरी झिजतो.

गॅस दोन्हीकडे बदलतोच. ओझोनला घातक अशा जुन्या आर-१२ गॅसचं उत्पादन २०१० पासून बंद आहे. त्याच्या जागी येणारा आर-१३४ए कॉम्प्रेसरच्या जुन्या खनिज तेलात मिसळत नाही, म्हणून तेल, ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या) आणि ओलावा शोषणारा ड्रायर नवे हवेत. वजनात गॅस जुन्याच्या ८०-९० टक्केच भरायचा. दाबही जास्त, त्यामुळे घोडबंदरच्या कोंडीत गॅस थंड करणारा जुना कंडेन्सर हात टेकतो.

प्रदर्शनातल्या गाडीला कुर्लाच. माझी रोज फिरते, मी नवा बसवला. बॉनेट मात्र कुणापुढे उघडत नाही!