चौकटींपेक्षा बाण महत्त्वाचे: प्रोसेस मॅपिंग काही महिने वापरल्यानंतर

ऑफिसातल्या प्रक्रिया चित्रात मांडायचं काम माझ्याकडे आलं, त्याला आता बरेच महिने झाले. खरेदी, पुरवठादारांची बिलं, ग्राहकांच्या तक्रारी, नव्या कर्मचाऱ्याचं जॉइनिंग अशा रोजच्या कामांचे फ्लोचार्ट आमच्याकडे तयार आहेत आणि त्यातले काही खरोखर वापरात आहेत. टूल कोणतं घ्यावं यावर वाचायला भरपूर मिळतं. चित्र काढून झाल्यावर पुढे काय होतं, ते टिकतं का, त्याने काम सुधारतं का, यावर फारसं काही सापडत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मत सांगून टाकते. उपयोग होतो, आणि भरपूर होतो. पण चौकटीत लिहिलेलं काम ज्याचं त्याला आधीच पाठ असतं. एका टेबलावरचं काम दुसऱ्या टेबलावर जातं, त्या मधल्या बाणावर काय घडतं हे मात्र कोणालाच पूर्ण माहीत नसतं. फ्लोचार्टची सगळी कमाई मला त्या बाणांवर दिसली.

पुरवठादाराच्या बिलाचं उदाहरण घ्या. कागदावर प्रक्रिया सरळ आहे. खरेदी विभाग पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतो, माल आला की स्टोअर्स जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) बनवतं, बिल आलं की अकाउंट्स पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही ताडून बघतं, जुळलं की मंजुरी, मग पेमेंट. एसओपीत, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी पद्धतीत, हे एका परिच्छेदात लिहिलेलं होतं आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं. मी तेच चित्रात मांडायला घेतलं आणि ‘तिन्ही जुळतात का?’ असा डायमंड, म्हणजे हो-नाहीच्या प्रश्नाचा शंकरपाळ्यासारखा आकार, काढला. ‘हो’चा बाण मंजुरीकडे गेला. ‘नाही’चा बाण कुठे न्यायचा, तेच कळेना. लेखी एसओपीत हा प्रश्न दडून राहू शकतो, कारण वाक्य ‘जुळल्यास पुढे पाठवावे’ असं लिहून संपवता येतं. डायमंडला दुसरा बाण काढावाच लागतो.

तिघांना एकत्र बसवून विचारलं. स्टोअर्सचे सहकारी म्हणाले, “मॅडम, माल कमी आला तर मी खरेदीला फोन करून सांगतो, पुढचं ते बघतात.” खरेदीवाले म्हणाले, “फोन आला तर ना! आम्हाला डायरेक्ट पुरवठादाराचाच फोन येतो, पैसे का अडकलेत म्हणून.” आणि अकाउंट्सच्या ताई शांतपणे म्हणाल्या, “मी ते बिल बाजूला ठेवते. कोणी विचारायला आलं की काढते.” तिघंही आपापलं काम नीट करत होते. फक्त त्या एका बाणाला मालक नव्हता. त्याच बैठकीत ठरलं: कमी आलेल्या मालाची नोंद स्टोअर्सने जीआरएनवरच करायची, क्रेडिट नोट (तेवढी रक्कम बिलातून वजा केल्याचा पुरवठादाराचा कागद) खरेदीने मागवायची, आणि तोवर बिल अकाउंट्सकडे कारण लिहून होल्डवर राहणार. चित्रात भर पडली ती दोन चौकटींची आणि तीन बाणांची. एकाही सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागला नाही.

हे शक्य झालं ते स्विमलेनमुळे, हे मुद्दाम सांगते. साध्या फ्लोचार्टमध्ये चौकटी एकाखाली एक येतात आणि कोण करतंय ते चौकटीत बारीक अक्षरात लिहावं लागतं. स्विमलेनमध्ये प्रत्येक विभागाला स्वतःचा पट्टा मिळतो, त्यामुळे बाण पट्टा ओलांडतो तिथे काम हात बदलतंय हे लांबूनही दिसतं. ही मांडणी गिअरी रमलर आणि अ‍ॅलन ब्राश यांनी १९९० च्या सुमारास व्यवस्थापनाच्या जगात रूढ केली. माझ्या मते ऑफिसच्या कामासाठी इतकी उपयोगी दुसरी मांडणी नाही. एक पथ्य मात्र पाळा: पट्ट्यावर माणसाचं नाव कधीच लिहू नका, भूमिका लिहा. नाव लिहिलं की बैठकीत चर्चा प्रक्रियेवरून माणसावर घसरते, आणि त्या माणसाची बदली झाली की चित्रही जुनं होतं.

आता थांबण्याविषयी, कारण मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. बिल ताडून बघायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, मंजुरी द्यायला त्याहून कमी. तरीही पेमेंट व्हायला आठवडे लागतात. मधला सगळा वेळ बिल कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून असतं. नेहमीच्या चौकोन-डायमंडच्या चित्रात हे पडून राहणं दिसतच नाही, कारण बाण दोन मिनिटांचा असो वा दोन आठवड्यांचा, चित्रात सारखाच दिसतो. जुन्या लोकांना हे कळलेलं होतं. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससमोर प्रोसेस चार्टची कल्पना मांडली. त्याच संस्थेने १९४७ मध्ये जी चिन्हं प्रमाण ठरवली त्यात क्रियेला वर्तुळ, ने-आणीला बाण, तपासणीला चौकोन, साठवणुकीला त्रिकोण आणि विलंबाला इंग्रजी डी अक्षरासारखा आकार होता. म्हणजे थांबणं हीसुद्धा नोंद करण्याजोगी पायरी मानली होती. हल्लीच्या टूलच्या पॅलेटमध्ये तो डी आकार अजून असतो, पण तो वापरलेला मी क्वचितच बघते.

टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या व्हॅल्यू स्ट्रीम मॅपमध्ये खाली एक पायऱ्यांसारखी रेघ असते: प्रत्यक्ष कामाचा वेळ वेगळा, थांबण्याचा वेळ वेगळा. मी आमच्या स्विमलेनखाली तशीच रेघ ओढायला सुरुवात केली. वेळ अंदाजाने लिहायची नाही, हा नियम ठेवला. मेलवरच्या तारखा आणि सिस्टिममधल्या नोंदी बघून शेवटच्या काही बिलांचे आकडे काढले. हे कंटाळवाणं काम आहे, पण चुकवू नका. ‘आमच्याकडे फार वेळ लागत नाही’ असं प्रत्येक विभाग मनापासून म्हणतो आणि ते खरंही असतं. वेळ विभागात जात नसतो, दोन विभागांच्या मधे जात असतो.

चिन्हांच्या भाषेबद्दल. बीपीएमएन, म्हणजे प्रक्रियेची चित्रं काढायची प्रमाण चिन्हभाषा, शिकावी का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. २००४ मध्ये आलेलं हे मानक पुढे ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या सॉफ्टवेअर मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेलं, २०११ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ मानकही झाली. चिन्हं खूप आहेत आणि सगळी शिकायला बसलात तर हातून एकही चित्र होणार नाही. मला रोज लागतात ती मोजकी: पातळ कडेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड कडेचं म्हणजे शेवट, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, फुलीचा डायमंड म्हणजे यातला एकच मार्ग, अधिकच्या चिन्हाचा डायमंड म्हणजे सगळे मार्ग एकाच वेळी, आणि घड्याळाचं वर्तुळ.

यातल्या दोन डायमंडांमधला फरक नीट समजून घ्या. अधिकच्या चिन्हाचा डायमंड मार्ग पुन्हा एकत्र आणताना वापरला, तर तो सगळ्या वाटांवरून काम पोचेपर्यंत थांबतो. वर फुलीने एकच वाट निवडली आणि खाली अधिकने एकत्र केली, तर दुसऱ्या वाटेवरून कधीच काही येणार नाही आणि प्रक्रिया तिथेच अडकेल. कागदावर हे कोणाच्या लक्षात येत नाही. तेच चित्र वर्कफ्लो इंजिनला (चित्राप्रमाणे काम पुढे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला) चालवायला दिलं की प्रकरण कायमचं लटकतं. आणखी एक बारकावा: बीपीएमएनमध्ये डायमंड निर्णय घेत नाही. निर्णय त्याच्या आधीच्या चौकटीत कोणीतरी घेतो, डायमंड फक्त वाट दाखवतो. हे कळल्यावर मी प्रत्येक डायमंडच्या आधी ‘हे ठरवतं कोण?’ असं विचारू लागले, आणि बरेच डायमंड असे निघाले की त्यांच्या आधी ठरवणारं कोणी नव्हतंच.

घड्याळाच्या चिन्हाने तर आमची एक जुनी कटकट संपवली. हे चिन्ह कामाच्या चौकटीच्या कडेवर बसवता येतं. त्या वर्तुळाची कड अखंड रेघेची असेल तर वेळ संपताच ते काम बंद होतं आणि दुसरा मार्ग सुरू होतो. कड तुटक रेघेची असेल तर काम चालूच राहतं, फक्त सोबत दुसरं काहीतरी घडतं. मंजुरी तीन दिवसांत आली नाही तर काय, यावर आमच्याकडे नेहमी वाद व्हायचे. चित्रात दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवले: तुटक रेघ म्हणजे साहेबांना आठवण जाईल पण मंजुरी त्यांच्याकडेच राहील, अखंड रेघ म्हणजे बिल त्यांच्याकडून काढून वरच्या अधिकाऱ्याकडे जाईल. ‘एस्कलेशन’ म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळीच गोष्ट होती हे तेव्हा उघड झालं. आम्ही आधी तुटक, मग काही दिवसांनी अखंड, असं ठरवलं.

जिथे चित्र कमी पडतं तेही सांगायला हवं. मंजुरी कोणाची लागेल हे रक्कम, खर्चाचा प्रकार आणि तातडी अशा तीन गोष्टींवर ठरत असेल, तर डायमंडमागे डायमंड लागत जातात. रकमेचे तीन टप्पे, खर्चाचे दोन प्रकार आणि तातडी आहे किंवा नाही, एवढ्यावरच बारा वाटा होतात. असं चित्र कोणी वाचत नाही. तिथे ‘मंजुरी कोणाची ते ठरवा’ अशी एकच चौकट ठेवून नियम शेजारच्या तक्त्यात लिहावेत. बारा ओळींचा तक्ता कोणालाही कळतो आणि नियम बदलला तर एकच ओळ बदलते. तसंच ज्या कामाचा क्रम दर वेळी वेगळा असतो, उदाहरणार्थ गुंतागुंतीच्या तक्रारीचा तपास, त्याला फ्लोचार्टमध्ये कोंबू नका. तिथे चेकलिस्ट पुरते, आणि अनुभवी माणसाच्या डोक्याला मोकळीकही राहते.

टूलबद्दल थोडक्यात. पहिली बैठक मी अजूनही भिंतीवर चिकट कागद लावूनच घेते. कागद उचलून दुसरीकडे लावायला कोणाला संकोच वाटत नाही, स्क्रीनवरचं चित्र मात्र झालेलं काम वाटतं आणि लोक गप्प बसतात. त्यानंतर साध्या चित्रांसाठी ड्रॉ डॉट आयओ मला पुरेसं आहे. त्यात पीएनजी काढताना मूळ आकृतीची प्रत आतच ठेवता येते, त्यामुळे पाठवलेलं चित्र परत उघडून संपादित करता येतं. बाण जोडताना एक गोष्ट बघा: आकाराच्या कडेवरच्या ठरावीक बिंदूवर सोडलात तर बाण तिथेच खिळतो, अख्ख्या आकारावर सोडलात तर आकार हलवल्यावर जोड सोयीच्या बाजूला सरकते. चित्र अजून बदलतंय तोवर दुसरी पद्धत बरी. काटेकोर बीपीएमएनसाठी कॅमुंडाचा मॉडेलर वापरते, कारण त्याला त्या भाषेचं व्याकरण कळतं. दोन वेगळ्या संस्थांच्या पूलमध्ये (पूल म्हणजे एका संस्थेचे सगळे पट्टे सामावणारी मोठी चौकट) बाण ओढला की तो आपोआप संदेशाचा तुटक बाण होतो. आमची डेव्हलपर मंडळी मर्मेडमध्ये मजकूर लिहून आकृती काढतात. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर २०२२ पासून ती तशीच दिसते, आणि मागच्या आवृत्तीपेक्षा कोणती ओळ बदलली तेही कळतं. मांडणी मात्र टूल स्वतः ठरवतं, त्यामुळे मोठ्या स्विमलेनसाठी मी ते वापरत नाही.

सगळ्यात अवघड भाग चित्र ताजं ठेवण्याचा. प्रक्रिया बदलते, चित्र तसंच राहतं, आणि चुकीचा नकाशा हातात असण्यापेक्षा नसलेला परवडतो. आमच्याकडे टिकलेल्या प्रत्येक चित्रावर कोपऱ्यात मालकाची भूमिका, तारीख आणि पुढच्या तपासणीचा महिना आहे. जी चित्रं अशा मालकाविना राहिली ती काढून टाकली. आणि एका पानात न मावणारं चित्र आम्ही ठेवत नाही. मोठी प्रक्रिया असेल तर वरच्या पानावर दहाएक चौकटी, आणि ज्या चौकटीत अधिकचं चिन्ह आहे (म्हणजे आत आणखी पायऱ्या आहेत) तिचं वेगळं पान.

नवीन सुरुवात करणाऱ्याने पहिली प्रक्रिया निवडताना दोन-तीन विभागांतून जाणारी, महिन्यातून अनेकदा होणारी आणि जिच्याबद्दल फॉलोअपचे मेल सतत येतात अशी घ्यावी. आधी आज जसं चालतं तसंच काढा, आडवाटा आणि शॉर्टकटसकट. कसं असायला हवं ते चित्र नंतर, वेगळ्या पानावर. दोन्ही एकाच पानावर मिसळली की कोणता बाण खरा आणि कोणता इच्छेचा हे पुढच्या महिन्यात तुम्हालाही सांगता येणार नाही. आम्ही सध्या तक्रारींची प्रक्रिया याच पद्धतीने पुन्हा काढतो आहोत, आणि तिच्यात ‘नाही’चे तीन बाण अजून मालकाशिवाय आहेत.