मॅग्नेटिक कीबोर्ड घ्यायचा, की हॉट-स्वॅपलाच ल्यूब करायचं?

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. दिवसा पत्रिका, पावती पुस्तकं, फलक. शटर ओढलं की व्हॅलोरंट, म्हणजे गोळीबाराचा ऑनलाइन गेम. दोन्ही एकाच कीबोर्डवर. हे आधी सांगितलेलं बरं, कारण माझा कौल शेवटी तिथंच अडकलाय.

गेल्या वर्षी दोन वाटा होत्या. घरात हॉट-स्वॅप बोर्ड होता, म्हणजे प्रत्येक कीखालचा स्विच डाग न देता काढता-घालता येणारा; त्याचे स्विच बदलून ल्यूब करायचं, म्हणजे आतनं ग्रीस लावायचं; नाहीतर सरळ हॉल इफेक्टवाला मॅग्नेटिक घ्यायचा, ज्यात की किती दाबली हे चुंबकावरनं कळतं. मी आधी मॅग्नेटिक घेतला. चार महिने वापरला. वाईट अजिबात नाही.

खेळात फरक कळतो, हे मान्यच. ए दाबून डावीकडं (डीनं उजवीकडं) पळताय आणि थांबून गोळी घालायची आहे, तर ए सुटायला पाहिजे. साध्या स्विचमध्ये की ठरावीक उंचीपर्यंत वर आल्याशिवाय ती सुटल्याची नोंदच होत नाही. मॅग्नेटिकच्या रॅपिड ट्रिगर सोयीत बोट जरा सैल केलं की झालं. पहिल्याच आठवड्यात माझ्या पहिल्या गोळ्या जास्त लागायला लागल्या. मोजून बघितलं नाही, पण समोरचे शिव्या घालायला लागले यावरनं ओळखलं. ए आणि डी एकत्र दाबल्यावर शेवटची कीच धरायची ती स्नॅप टॅपची सोय मात्र बंद ठेवा. काउंटर-स्ट्राइक 2 या तसल्याच दुसऱ्या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर ऑगस्ट 2024 पासून ती चालत नाही. रॅपिड ट्रिगरला तिथं अडचण नाही.

8000 हर्ट्झच्या जाहिरातीला भुलू नका एवढंच सांगेन. 1000 हर्ट्झला कीबोर्ड दर मिलिसेकंदाला खबर देतो, 8000 ला 0.125 मिलिसेकंदाला. बेळगावातनं मुंबईच्या सर्व्हरला माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, 30-40 मिलिसेकंदांच्या घरात असतो. हिशेब तुम्हीच करा.

आता माझं कुठं बिनसलं ते. खेळात हलायच्या चार कीज म्हणजे डब्ल्यू, ए, एस, डी. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, डब्ल्यू, ए, एस, डी या चार कीजवर काय बसलंय आठवा. ऐची मात्रा, ओची मात्रा, एची मात्रा, आणि डीवर पाय मोडायची खूण. मराठी लिहा नाहीतर कन्नड, जागा त्याच. खेळासाठी या चारच कीज मी 0.2 मिलिमीटरवर ठेवल्या होत्या, म्हणजे तेवढं दाबलं की नोंद. म्हणजे बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. मात्रा जादा पडली तर निदान टिंबांचं वर्तुळ दिसतं, डोळ्याला खुपतं. पाय मोडलेला मात्र दिसत नाही. शेवटच्या अक्षराखाली एक बारीक तिरकी रेघ, बस.

ऐन लग्नसराईत दोनशे पत्रिका छापून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील दारात. 'विनायक'चा 'विनायक्' झालेला. "काय ओ हे, लग्नाआधीच आमच्या पोराचा पाय मोडून ठेवलाय की तुम्ही!" हसत म्हणाले म्हणून निभावलं. पत्रिका मी पदरचा कागद घालून परत छापून दिल्या.

प्रोफाइल, म्हणजे कीबोर्डची साठवलेली सेटिंग, बदलता येतं, ठाऊक आहे. दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. पण रात्री बाराला खेळून उठलेला माणूस सकाळी दहाला प्रोफाइल बदलायचं लक्षात ठेवील, ही अपेक्षाच चुकीची. चूक माझी, बोर्डाची नाही, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. आणि कायमच 2 मिलिमीटरवर ठेवायचा, रॅपिड ट्रिगर बंद करायचा, तर मग पैसे कशाचे मोजले?

म्हणून जुना बोर्ड परत काढला. 87 स्विच, दोन संध्याकाळी आणि एक रविवार. स्विच उघडायचा, 205जी0 नावाचं ग्रीस ब्रशच्या टोकाला जेमतेम घ्यायचं, खालच्या घराच्या दोन्ही खाचांवरनं आणि स्टेमच्या (आतल्या वर-खाली होणाऱ्या दांडीच्या) कडांवरनं फिरवायचं, पत्र्याच्या संपर्काला लावायचं नाही, बंद करायचं. पहिल्या दहाबारांना मी इतकं थापलं की की वर यायला आळस करायला लागली. ते पुसून परत केले. ल्यूबनं कीबोर्ड वेगवान होत नाही, कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. पण घाईत की तिरकी दाबली तरी खरखरत नाही, आणि दरवेळी सारखीच वाटते. माझ्या हाताला तेवढ्यानंच खेळ सुधारल्यासारखं वाटलं.

पावसाळ्याचा मुद्दा मॅग्नेटिकच्या बाजूनं जातो. त्यात धातूचा संपर्कच नाही, म्हणून एकदा दाबलं की दोनदा उमटायचा रोग त्याला होत नाही. माझ्या बोर्डाला जुलैत झाला, एका कीला. पुलरनं, म्हणजे काढायच्या चिमट्यानं, तो स्विच उपसला, डब्यातला दुसरा बसवला, चहा निवायच्या आत काम झालं.

सध्या सगळीकडं चेरी रेड स्विच आहेत, 2 मिलिमीटर दाबल्यावर नोंद करणारे. डब्ल्यू, ए, एसवर तेवढे स्पीड सिल्व्हर, 1.2 चे. डीवर सिल्व्हर बसवायचं धाडस होत नाही. त्यामुळं मी डावीकडं चपळ आणि उजवीकडं जड खेळतो, असं भाचा म्हणतो.

तुमची मशीन निव्वळ खेळायची असेल तर मॅग्नेटिकच घ्या, मी अडवणार नाही. दिवसभर त्याच कीजवर मराठी बडवायची असेल तर आधी हॉट-स्वॅप, ल्यूब आणि थोडे सिल्व्हर करून बघा. माझा मॅग्नेटिक भाच्याला देऊन टाकला, खानापूरला. पोरगा खूश आहे. परवा त्याचा फोन आला, कॉलेजच्या स्मरणिकेसाठी मराठीत लेख टाइप करायचाय, मामा, तुमचा जुना बोर्ड दोन दिवस मिळेल काय.