लांबट चौकटीतून मेणवलीचा घाट: फुजीफिल्म जीएफएक्स १००आरएफचा व्ह्यूफाइंडर

पॅनोरामा म्हटले की बहुतेकांना मोबाइल आडवा फिरवून टिपलेले चित्र आठवते. मला त्या प्रकारात कधी गोडी वाटली नाही, कारण चौकट कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे टिपताना नीट दिसतच नाही. फुजीफिल्म आणि हॅसलब्लाड यांनी १९९८ मध्ये मिळून आणलेल्या एक्सपॅन या फिल्म कॅमेऱ्याची थोरवी याच ठिकाणी होती: साध्या ३५ मिमी फिल्मवर २४ बाय ६५ मिलिमीटरची लांबट चौकट एका क्लिकमध्ये उमटत असे आणि ती आधी डोळ्यांनी बघता येत असे. तेच ६५:२४ प्रमाण २०२५ मध्ये आलेल्या फुजीफिल्मच्या जीएफएक्स १००आरएफ या डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवर एका चकतीवर कोरलेले आहे. मित्राकडून हा कॅमेरा चार दिवसांसाठी मिळाला, तेव्हा मी तो घेऊन वाईजवळ मेणवलीला गेलो.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून दृश्य बघायची खिडकी, ५७.६ लाख बिंदूंचा असून त्याचे विशालन ०.८४ पट आहे. त्याचा पडदा ४:३ आकाराचा असल्याने ६५:२४ निवडले की पडद्याची रुंदी पूर्ण वापरली जाते आणि उंची मात्र जेमतेम निम्मी. म्हणजे विषय लहान होत नाही, फक्त वरची आणि खालची जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेचे काय करायचे, हे छायाचित्रकारावर सोपवले आहे. ती पूर्ण काळी ठेवता येते, धूसर करून बाहेरचे दृश्य दाखवता येते किंवा केवळ रेषांनी चौकट आखता येते.

कृष्णेच्या घाटावर सकाळी मी आधी रेषांचा पर्याय लावला आणि तो लवकरच सोडून दिला, कारण डोळा सारखा रेषेबाहेरच्या आभाळाकडे जाई आणि मनात ४:३ चेच चित्र तयार होई. धूसर पर्यायात मात्र काम जमले. डाव्या कडेला एक बाई पायरीवर लुगडे आपटत होती आणि उजव्या कडेला देवळाची भिंत होती. मधल्या पायऱ्यांचा लांब उतार या दोघांना जोडत होता. लांबट चौकटीत मध्य आपोआप भरतो, चित्र ठरते ते दोन्ही टोकांवर, आणि वरच्या बाजूने एखादी फांदी आत यायला टेकली आहे हे धूसर भागात आधीच कळत असल्याने लक्ष टोकांवर ठेवता येते. बटण दाबण्यापूर्वी मी बाहेरचा भाग पूर्ण काळा करून एकदा पाहत असे. तेव्हाच चित्राचा खरा तोल कळतो.

देवळाचे शिखर चौकटीत यावे म्हणून कॅमेरा वर उचलला की भिंती तिरक्या होतात. त्यावर उपाय असा, की कॅमेरा सपाट धरावा आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, घ्यावी. जेपेग ११६४८ बाय ४३०४ पिक्सेलची, म्हणजे सुमारे ५ कोटी पिक्सेलची मिळते, पण रॉमध्ये संवेदकावरचे (सेन्सरवरचे) अख्खे ४:३ चित्र राहते. घरी त्या अख्ख्या चित्रावर ६५:२४ ची चौकट वर सरकवली की उभ्या रेषा सरळ राहून शिखर आत येते. धूसर पर्यायामुळे वर किती जागा शिल्लक आहे, हे घाटावरच समजलेले असते.

भिंग ३५ मिमी एफ/४ आणि न बदलता येणारे आहे. आडवा कोन साधारण ६४ अंशांचा भरतो, तर एक्सपॅनच्या ४५ मिमी भिंगाचा सुमारे ७२. त्यामुळे अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा लागते. कॅमेऱ्यात कंपनरोधक यंत्रणा नसल्याने संध्याकाळी ट्रायपॉड हवाच. बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ४,८९९ डॉलर होती, आणि अधूनमधून पॅनोरामा टिपणाऱ्याला ती परवडवून घ्या असे मी सांगणार नाही. ज्याला याच प्रमाणात रोज पाहायचे आहे, त्याने मात्र दुकानात जाऊन निदान दहा मिनिटे धूसर पर्याय लावून रस्त्याकडे बघावे.